नाल काढून पळणारे घोडे : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. ज्वालामुखी, ठिबक सिंचन आणि बाटल्यांचं जलशुद्धीकरण यंदा नको, एवढं मनाशी ठरवूनच वर्गात गेलो. विषय पोरांनीच दिला. एकानं मोबाइलवरची परदेशातली शर्यत दाखवली. मागं दोनचाकी हलकी गाडी, तीत पाय पसरून बसलेला माणूस, आणि घोडा दुडक्या चालीतच असा सुटलेला की गाडीची चाकं दिसेनात. "सर, ह्याच्या पायात नाल न्हाईत. अनवाणी कामून पळवायलेत?"

व्हिडिओ थांबवून बघितला. खरंच, चारही खूर मोकळे. आपल्या लोहा गावच्या बाजारात टांग्याचं घोडं नालाशिवाय दिसत नाही आणि लाखोंचा घोडा बिननालाचा. विषय हाच. दोन मुली आणि तो मोबाइलवाला, अशी तिघांची टोळी.

१२ नोव्हेंबर

वाचन. आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, कारण 'रेसचा घोडा' म्हणताना पोरांच्या डोक्यात दोन्ही एकत्र होत्या.

पहिली, हैदराबादच्या मलकपेठला, पुण्याला किंवा मुंबईच्या महालक्ष्मीला होते ती शर्यत. पाठीवर जॉकी, थरोब्रेड (शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा) घोडा, चौखूर धाव, आपल्याकडे बहुतेक हिरवळीवर. हे घोडे सहसा अनवाणी नसतात. सरावाला लोखंडी नाल आणि शर्यतीसाठी पातळ ॲल्युमिनियमचे, एकेक साधारण शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्यातला एखादा बिननालाचा उतरतो तो बऱ्याचदा खुराची भिंत पातळ किंवा ठिसूळ असते म्हणून. खिळा धरायला जागाच उरलेली नसते.

दुसरी, व्हिडिओतली. घोड्यानं शेवटपर्यंत दुडकी सोडायची नाही, चौखूर उधळला आणि लगेच दुडकीवर आला नाही की बाद. स्वीडन आणि फ्रान्समध्ये या शर्यतींना फार मान. अनवाणी पळवणं तिथं उघड डावपेच आहे. फ्रान्सच्या शर्यतपत्रिकेत घोड्याच्या नावापुढं खूणच असते: डी-४ म्हणजे चारही पाय मोकळे, डीए म्हणजे पुढचे दोन, डीपी म्हणजे मागचे दोन. पैसे लावणारे ती खूण बघून लावतात. पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनला जानेवारीअखेर २७०० मीटरची 'प्री द'अमेरिक' होते, १९२० पासून. तिथं मातब्बर घोडे डी-४ असणं नवलाचं नाही. स्वीडनमध्ये मात्र ऐन हिवाळ्यात अनवाणी पळवायला बंदी असते. जमीन गोठलेली, खूर सोलवटून निघतात.

त्या बंदीच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. सगळं उत्तर तिथंच कुठंतरी आहे असं वाटतंय, पण पोरांना अजून सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

घोडी मिळाली. मोबाइलवाल्याच्या मामांची, नाव हरणी. आधी टांग्याला होती, आता नवरदेवाला मिरवते. मामांची अट एकच: तिथी असेल त्या दिवशी घोडीला हात लावायचा नाही. तुळशीचं लग्न लागल्यापासून त्यांची वही भरलेली आहे. तिथी बघून विज्ञानाचे प्रयोग ठरवणारी आमची पहिलीच शाळा असावी.

पाय उचलून खूर बघितला. पोरांना वाटायचं खूर म्हणजे एक भरीव गोळा. तसं नाही. बाहेरची भिंत नखाच्याच जातीची, तिच्या आत जिवंत थर आणि हाड. तळाला मधोमध पाचरीच्या आकाराचा मऊ, चिवट भाग. आमचे नालबंद चाचा त्याला पुतली म्हणतात. वजन पडलं की टाच दोन्ही बाजूंनी किंचित फाकते, पुतली दाबली जाते, आतल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. पाय उचलला की परत भरतं. लोखंडी नाल ठोकला की हे फाकणं कमी होतं. अनवाणीच्या बाजूचे लोक हाच मुद्दा आधी मांडतात.

हे चाचा कंधारहून येतात, बैलांचं आणि घोड्यांचं दोन्ही करतात. त्यांना विचारलं, शर्यतीत नाल का काढत असतील? ते हसले. "सर, डांबर नसतं तं माझं पोट भरलं नसतं. घोड्याला नाल लागत न्हाई, रस्त्याला लागतो."

वाटेवर बोलणं झालं ते पोरांनी वहीत उतरवून घेतलं. खूर महिन्याला आठ ते दहा मिलीमीटर वाढतो. पुढच्या टोकाशी अख्खा नवा यायला वर्षभर लागतं. मोकळ्या रानात जेवढा वाढतो तेवढाच झिजतो, हिशेब बरोबर राहतो. डांबरावर रोज दहा मैल टांगा ओढला की झीज वाढीच्या पुढं जाते आणि घोडा लंगडतो. नाल ठोकला की उलटं होतं. झीज थांबते, वाढ चालूच, म्हणून दर महिना-सव्वा महिन्याला नाल काढून खूर तासावाच लागतो.

चाचांनी कानशीनं हरणीच्या उजव्या पुढच्या खुरावर, केसांच्या खाली, एक बारीक आडवी खाच मारली. महिन्यानं ती किती खाली सरकते ते मोजायचं.

२३ नोव्हेंबर

नालासह चित्रीकरण. हरभऱ्याच्या रानाशेजारची गाडीवाट, खाली काळी माती, वर मुरूम. यंदा सप्टेंबरात पावसानं जे केलं त्यानंतर माती आत्ता कुठं वाळली आहे. फक्कीनं वीस मीटर आखले. हरणीच्या गुडघ्यावर आणि खुराच्या वर चुन्याचे टिपके दिले, तिला ते आवडले नाहीत. मोबाइल तिपाईवर, सेकंदाला २४० चित्रं.

दुडकीत वीस मीटरला पाचेक सेकंद, म्हणजे सेकंदाला चार मीटर. लगाम मामांच्या हातात, त्यांनी हीच चाल धरून ठेवली. पडद्यावर एकेक चित्र पुढं सरकवत मुलींनी खुराचा टिपका मागं ठेवलेल्या चौकटीच्या कापडावर मोजला. गंमत अशी की खूर जमिनीवर असतो तेव्हा त्याचा वेग शून्य, घोडी मात्र पुढं चाललेली. ते मागं पडलेलं अंतर भरून काढायला खुराला हवेत घोडीपेक्षा बराच जास्त वेग घ्यावा लागतो. सर्वांत वेगवान क्षणी तो अंगाच्या वेगाच्या दुपटीच्या आसपास निघाला. कागदावर शिकवताना ही गोष्ट कुणाच्या गळी उतरत नाही. इथं मुलीनं बोट पडद्यावर ठेवून "आत्ता थांबला, आत्ता निघाला" म्हणत सगळ्या वर्गाला समजावली.

२९ नोव्हेंबर

नाल काढले. पुढची तारीख लांब आहे, तोवर मामांना हरकत नाही.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. चाचांनी घोडीकडं पाठ केली, तिचा पाय स्वतःच्या दोन गुडघ्यांत धरला. खुराच्या बाहेर आलेली खिळ्यांची वळवलेली टोकं छिन्नीनं सरळ केली, मग पकडीनं नाल टाचेकडून उचकटत आणला. एकेक खिळा करकरत बाहेर. डाव्या मागच्या पायाला पाचच खिळे होते. पावसात खूर भिजून मऊ पडला, जुनी भोकं फाटली, तिथं परत खिळा बसेना. दोन बोटांएवढी भिंत तिथं चुरा होऊन निघाली. आतून एक कुबट वास. चाचांनी पुतलीच्या खाचा खरवडून साफ केल्या आणि म्हणाले, ह्याला थोडं उघडं राहू द्या, वारा लागू द्या.

मग पोरीनं खिळा हातात घेतला. नालाचा खिळा गोल नसतो, चपटा असतो आणि टोकाशी एकाच बाजूनं तासलेला. त्या उतारामुळं तो ठोकताना आपोआप बाहेरच्या अंगाला वळतो. आत वळला तर जिवंत भागात जाईल. तळाला भिंतीच्या आतून एक फिकट रेघ फिरते, खिळा तिच्या बाहेरच राहायला हवा. जागा असते काही मिलीमीटरची. चाचा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतात. खिळा घट्ट भिंतीतून चालला तर हातोडीचा आवाज टणक येतो, मऊ आला की ते थांबतात आणि खिळा उपसतात.

किराणा दुकानातल्या काट्यावर नाल तोलला. झिजलेला होता तरी तीनशे ग्रॅमच्या जवळ. चार मिळून सव्वा किलोच्या आत. मोबाइलवाला म्हणाला, नवरदेवाचा फेटा नि हारच तेवढा भरतो, घोडीला काय फरक पडणार? प्रश्न चोख आहे. उत्तर पुढच्या आठवड्यात.

३० नोव्हेंबर

तीच वाट, तेच टिपके, नालाशिवाय. वेग तोच, कारण तो मामांच्या हातात. पण चालीत फरक पडला. नालासह गुडघा जास्त वर येत होता आणि खूर हवेत उंच कमान काढत होता. आता पाय खालून, सरळ निघतो. टापांचा आवाज जवळपास गेला. मामांना हे पसंत नाही. मिरवणुकीतल्या घोडीनं पाय उचलून नाचावं लागतं, आणि टापा वाजल्या नाहीत तर वरातीला घोडी आणली हे कळणार कसं?

दुडक्या शर्यतीतही हीच गोष्ट आहे, फक्त तिथं तिची किंमत वेगळी. पायाच्या टोकाशी वजन वाढलं की पाय वर उचलला जातो, लय बांधली जाते. ते वजन काढलं की पाय हलका आणि झटपट, पण लय बिघडण्याची भीती. चौखूर उधळून सावरला नाही की बाद. स्वीडनमधल्या शर्यतींच्या नोंदींवरचा २०२० चा एक अभ्यास आहे. अनवाणी घोडे किलोमीटरमागं साधारण ०.७ सेकंदानं वेगवान निघाले, आणि चाल मोडून बाद होण्याचा धोकाही अनवाणी असताना जास्त निघाला. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासात, म्हणून मला तो आवडला.

मुलींनी लगेच गुणाकार केला. २७०० मीटरला १.९ सेकंद. सेकंदाला चौदा मीटर धरले तर सव्वीस-सत्तावीस मीटर. घोड्याच्या अंगाची लांबी अडीच मीटर धरली तर दहा अंगं. जिथं निकाल नाकाच्या फरकानं लागतो तिथं दहा अंगं! फलकावर हे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं त्यांना. हा सगळा फरक नालाचाच, असं मात्र मी लिहू दिलं नाही. घोडा तयारीत आहे, शर्यत मोठी आहे, जमीन चांगली आहे, अशाच दिवशी मालक नाल काढायला सांगतो. त्या दिवशी तो घोडा नालासहही बरा पळाला असता.

३ डिसेंबर

सव्वा किलोच्या प्रश्नाचं उत्तर. गतिज ऊर्जेचं सूत्र नववीला आहेच: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग.

हरणीचा वेग सेकंदाला ४ मीटर, खुराचा जास्तीत जास्त ८. तीनशे ग्रॅमच्या नालाची ऊर्जा ९.६ ज्यूल. शर्यतीच्या घोड्याचा वेग १४, खुराचा २८. तोच नाल, ऊर्जा ११८ ज्यूलच्या जवळ. वेग साडेतीन पट, ऊर्जा बारा पट. आणि ही एका पायाची, एका ढांगेची. शर्यतीत प्रत्येक पाय सेकंदाला दोनदाहून जास्त फिरतो. फेटा पाठीवर असतो, तो घोड्याबरोबर एका वेगानं जातो, त्याला दर ढांगेला थांबवून परत पळवावं लागत नाही. नालाला लागतं.

शंभर ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा नाल घेतला तर २८ च्या वेगाला ३९ ज्यूल. म्हणजे लोखंड सोडून ॲल्युमिनियम घातलं की दोन तृतीयांश फायदा तिथंच पदरात पडतो. मलकपेठचा घोडा चारही पाय मोकळे करायच्या फंदात का पडत नाही, याचं निम्मं कारण मला यात दिसतं. उरलेलं निम्मं हिरवळीचं: ओल्या गवतावर, वळणावर, मोकळा खूर घसरतो.

हुशार मुलीनं शंका काढली की दिलेली सगळी ऊर्जा वाया थोडीच जाते, पाय परत येताना काही मिळत असेल. बरोबर आहे. घोड्याच्या पायातल्या लांब कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) ताणून सुटतात आणि बरंच काही परत देतात. म्हणून फलकावर 'खर्च' न लिहिता 'प्रत्येक ढांगेला द्यावी लागणारी ऊर्जा' असं लिहिलं.

५ डिसेंबर

मैदानावर वाळूच्या पिशव्या. आधी कमरेला बांधून शंभर मीटर, मग तेवढ्याच वजनाच्या घोट्याला. कमरेची कुणाला जाणवली नाही. घोट्याची पहिल्या वीस मीटरांत जाणवली, आणि मोबाइलवाल्याचा गुडघा हरणीसारखाच वर यायला लागला. त्याचं चित्रीकरण झालं, त्यावर वर्ग हसून लोळला. फलकावर हरणीशेजारी त्याचं चित्र लागणार.

७ डिसेंबर

अनवाणी आठवडा संपला. घोडी रोज गोठ्यापासून विहिरीपर्यंत जाऊन आली, त्यात थोडं डांबर आहे. काळ्या मातीत काही झालं नाही. डांबराच्या कडेच्या खडीनं मात्र पुढच्या दोन्ही खुरांच्या टोकाला बारीक टवके गेले, मागच्यांना कमी. घोडं उभं असताना निम्म्याहून जास्त भार, साठेक टक्के, पुढच्या पायांवर असतो. म्हणून पुढचे खूर गोल आणि रुंद, मागचे निमुळते. भरधाव धावताना एका पुढच्या पायावर क्षणभर अंगाच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत जोर येतो. खडीवर चालवलं तर हा जोर कुठं जाईल ते टवक्यांवरून कळतं.

फ्रान्सचा तो घोडा व्हॅन्सेनला गाडीत बसून येतो, निवडलेल्या, चाळलेल्या, सपाट केलेल्या जमिनीवर सव्वातीन मिनिटं पळतो आणि परत गाडीत बसतो. एरवी सरावाला त्याच्या पायात बऱ्याचदा नाल असतातच. हरणीला वरातीत चार-चार तास डांबरावर उभं राहावं लागतं. चाचांनी नवे नाल ठोकले.

१८ डिसेंबर

माळेगावची यात्रा सुरू. खंडोबाला बेल-भंडारा, मग थेट घोड्यांच्या बाजारात. मारवाडी, काठियावाडी, मधेच बुटकी काटक तट्टं. गाढवांचा बाजार शेजारीच. गाढवांच्या पायात नाल नाही, वीटभट्टीवर राबतात तरी नाही. खूर अरुंद, उभा आणि चिवट.

गिऱ्हाईक आधी दात बघतं असं पोरांना वाटत होतं. जाणता माणूस पाय उचलतो, नखानं खुराची भिंत खरवडतो, टाचेचा वास घेतो, मग दात. सौदा रुमालाखाली बोटांवर. आमच्या मुलींनी रुमालाखाली काय चाललंय ते विचारून एका व्यापाऱ्याला अडचणीत आणलं.

राजस्थानकडून आलेल्या एका घोडेवाल्यानं त्याची शिंगरं बिननालाचीच ठेवली होती. म्हणाला, तीन वर्षांपर्यंत लोखंड लावत नाही, खुराला पसरू द्यायचं. थरोब्रेडच्या जगात दोन वर्षांचं पोर शर्यतीला उभं राहतं. दोन्ही घोडेच, पण वाढीचं वेळापत्रक कोण ठरवतं त्यावर सगळं आहे.

२१ डिसेंबर

खाच मोजली. १६ नोव्हेंबरपासून नऊ मिलीमीटर खाली. पुस्तकातला आकडा हरणीनं पाळला.

९ जानेवारी २०२६

प्रदर्शन. टेबलावर जुना नाल, नवा नाल, चपटे खिळे, चाचांनी दिलेला खुराचा तासलेला तुकडा. तुकड्याभोवतीच गर्दी. परीक्षकांनी ऊर्जेचा तक्ता बघितला आणि सरळ विचारलं, मग आमच्या बैलांचेही नाल काढायचे का? मुलीनं सांगितलं की बैलाच्या खुराला दोन भाग, म्हणून एका बैलाला आठ नाल, आणि उसाची गाडी घेऊन कारखान्यापर्यंत डांबरावरून जाणाऱ्या बैलाचे काढायचे नाहीत, कारण त्याचा वेग हरणीहूनही कमी आणि रस्ता तिच्याहून लांब. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्याचं मालकानं जमीन बघून ठरवावं, असंही ती म्हणाली. ते मी शिकवलेलं नव्हतं.

हरणीचे नाल आठवड्याभरात बदलायचे आहेत. मागचे दोन पाय काही दिवस मोकळे ठेवून बघू, असं मामा स्वतःहून म्हणाले, फाटलेली भोकं वाढून खाली जाईपर्यंत. चाचांनी होकार दिला, अटी घालून: विहिरीला नेताना बांधावरून न्यायची, वरातीचं बुकिंग घ्यायचं नाही, टवका दिसला की त्याच दिवशी फोन. मागच्या खुरांवर नव्या खाचा मारून घेतल्यात. दर शनिवारी सुटी झाल्यावर मोजायच्या, वही मोबाइलवाल्याकडं.